एका खणाचे घर

दिवाळीच्या आदल्या रविवारी आमच्या अंगणात किल्ला उभा राहिला. सकाळी पन्हाळा म्हणून सुरू झालेला हा किल्ला संध्याकाळी कोणत्याच नावाचा उरला नाही. धाकट्या नातवाने तटाबाहेरच्या सपाट जागेवर विटकरीची पूड अंथरून धावपट्टी केली आणि तिच्या कडेला बिस्किटांचा एक गोल डबा, आडवा, निम्मा मातीत पुरून, तोंड उघडे ठेवून बसवला. थोरल्याने हरकत घेतली. महाराजांच्या काळी विमान नव्हते, हा त्याचा मुद्दा, आणि तो बिनतोड होता. त्यावर धाकटा म्हणाला, "नसंना का! पर उद्या आलंच, तर मावळ्यांनी ठेवायचं कुठं?"

तिसऱ्या रात्री पावसाची एक अवकाळी सर आली. सकाळी पाहतो तो एक बुरूज बसलेला, हळिवाची शेती वाहून गेलेली. आणि त्या डब्यात मात्र सगळे मावळे, एक गवळण, दोन उंट आणि मातीचा वाघ अगदी कोरडे, दाटीवाटीने उभे. पोरांनी रात्रीच त्यांना आत नेऊन ठेवले होते. विमानाला मात्र जागा उरली नव्हती. ते बाहेर भिजत पडले होते.

त्या डब्याने मला एका जुन्या विषयाची आठवण करून दिली. दिवाळी अंकात समीक्षकाने कादंबरीवर लिहावे, नाटकावर लिहावे, फार तर एखाद्या चित्रप्रदर्शनावर लिहावे, अशी रीत आहे. यंदा मी एका छपरावर लिहिणार आहे. मुंबईला सांताक्रूझच्या विमानतळावर, मिठी नदीच्या शेजारी, दुसऱ्या महायुद्धातली जी हँगरे होती, आणि स्वतंत्र भारतातले उतारू काही वर्षे ज्यांच्यातून परदेशी गेले-आले, त्यांच्यावर. वाङ्मयाच्या पानांत लोखंडाच्या कैच्या आणि पत्रे कशाला आणता, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखातच मिळावे अशी माझी खटपट आहे.

हँगर हा शब्द मूळ फ्रेंचांचा. विमान जन्माला येण्याच्या कितीतरी आधी गाड्या आणि अवजारे ठेवण्याच्या पडवीला ते या नावाने ओळखत. आमच्या कोकणात शेतातल्या तसल्याच छपराला मांगर म्हणतात. हँगर आणि मांगर हे यमक निव्वळ योगायोगाचे. पण योगायोग कधी कधी भाषाशास्त्रज्ञापेक्षा शहाणा असतो. दोन्हीकडे कल्पना एकच : माणसासाठी न बांधलेले, वस्तू पावसात भिजू नये एवढ्याचसाठी उभे केलेले छप्पर.

आता आपल्या जुन्या घराशी त्याची तुलना करून पाहा. आपली घरे खणांनी मोजली जात. पाच खणी सोपा, सात खणी माजघर. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. तुळईचे लाकूड जेवढा भार पेलील तेवढाच खण पडायचा. म्हणून कितीही मोठा सरदार असला तरी त्याच्या वाड्यात खांबांची दाटी ही असायचीच. श्रीमंती वाढली की खण वाढत, पण खण मोठा होत नसे. लग्नात पंगत बसली की निम्म्या लोकांच्या पुढ्यात खांब येई, आणि खांबाआडच्या माणसाला वाढपी हमखास विसरे. हँगराने हा सगळा हिशेबच मोडला. विमानाला पंख असतात आणि पंख दुमडून खांबांमधून आत जाता येत नाही. तेव्हा मध्ये खांबच नको. भिंतीपासून भिंतीपर्यंत एकच खण. हँगर म्हणजे एका खणाचे घर. घराच्या इतिहासात ही साधी गोष्ट नाही. देवळाचा सभामंडप, मशिदीचा घुमट, राजाचा दरबार यांनी हजारो वर्षे धरलेला हा ध्यास. तो पुरा झाला एका यंत्राला झोपायला जागा हवी म्हणून.

आमच्या शिवाजी उद्यमनगरात कारखान्यांची छपरे उभी करणारे एक मिस्त्री आहेत. त्यांना मी एकदा विचारले, कैची म्हणजे नेमके काय करते हो? ते म्हणाले, "काय करती? खांबाचं काम करती, पर खाली उतरत न्हाई." मी वास्तुकलेवरची काही पुस्तके वाचली आहेत, पण इतकी नेटकी व्याख्या त्यांत सापडली नाही.

युद्धाने या घराला आणखी एक गुण दिला, तो म्हणजे घाई. 1936 साली इंग्लंडच्या हवाई खात्यासाठी बेलमन नावाच्या अभियंत्याने एक हँगर आखले. त्याचे सगळे भाग कारखान्यात तयार व्हायचे, गाडीतून न्यायचे, जागेवर बोल्ट आवळून जोडायचे, आणि गरज सरली की खोलून दुसरीकडे न्यायचे. 1938 ते 1940 एवढ्या काळात अशी सुमारे 400 हँगरे तयार झाली. दुसरा एक प्रकार होता ब्लिस्टर, म्हणजे फोडासारखा. लोखंडाच्या हलक्या कमानी, वर पन्हळी पत्रे, तोंडाला बहुधा कापडाचा पडदा. आमच्या धाकट्याचा डबा या दुसऱ्या जातीचा, हे त्याला अर्थातच ठाऊक नव्हते. या इमारतींच्या दर्शनी भागावर कोणाचे नाव नसे, कोनशिला नसे, उद्घाटनाला कोणी येत नसे. फार टिकाव्या अशी कोणाची इच्छाही नव्हती. युद्ध संपेपर्यंत उभ्या राहिल्या म्हणजे झाले.

युरोपात काही हँगरांना थोर कलावंत मिळाले, हे इथेच सांगितले पाहिजे. नाहीतर मी पत्र्याच्या शेडला उगाच देव्हाऱ्यात बसवतो आहे असे वाटेल. पॅरिसजवळ ओर्ली येथे फ्रेसिने या अभियंत्याने 1920 नंतरच्या दोन-तीन वर्षांत हवाई जहाजांसाठी काँक्रीटच्या दोन प्रचंड कमानी उभारल्या. इटलीत पिएर लुइजी नेर्वी याने 1935 पासून पुढे ओर्व्हिएतो आणि इतर ठिकाणी जी हँगरे बांधली त्यांची छपरे विणलेल्या टोपलीसारखी होती. लवलेल्या फासळ्या एकमेकींना तिरप्या छेदत गेलेल्या. ओर्लीची हँगरे 1944 साली बाँबहल्ल्यात गेली. नेर्वीची त्याच वर्षी माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने सुरुंग लावून पाडली. पडल्यावरही त्यांचे बरेचसे सांधे निखळले नव्हते, असे सांगतात. आणि नेर्वीने त्या पडझडीतून जे ओळखले ते पुढे रोमच्या 1960 च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या क्रीडागृहांत वापरले. आपल्या मुंबईच्या हँगरांची ही जात नव्हे. ती कोणा प्रतिभावंताची निर्मिती नव्हती. नेर्वीचे हँगर ही कविता असेल, तर सांताक्रूझचे हँगर हे घाईत लिहिलेले पोस्टकार्ड. पण पोस्टकार्डावरही कधी कधी घरादाराचे भविष्य बदलणारा मजकूर येतो.

मुंबईचा पहिला विमानतळ जुहूचा. 1928 मधला. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन उतरले ते तिथेच. जुहूची जागा समुद्राच्या लगतची, सखल. पावसाळ्यात तळ पाण्याखाली जाई आणि टाटांना आपले बिऱ्हाड पुण्याला हलवावे लागे. युद्ध आले तेव्हा मोठी, जड विमाने उतरवायला दुसरी जागा हवी झाली, आणि जुहूच्या पूर्वेला सांताक्रूझचा तळ तयार झाला. 1942 पासून 1947 पर्यंत तिथे ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सच्या तुकड्या होत्या. सन 1942! त्याच ऑगस्टमध्ये तिथून काही मैलांवर गवालिया टँकच्या मैदानावर 'चले जाव'चा ठराव झाला. एका बाजूला चालते व्हा म्हणून सांगितले जात होते, आणि दुसऱ्या बाजूला ज्यांना सांगितले जात होते ते धावपट्ट्या आणि हँगरे बांधत होते. इतिहासाला असले विरोधाभास फार आवडतात. तो त्यांची उकल मात्र पाच-सहा वर्षांनी, कोणाचे लक्ष नसताना करतो.

ती उकल 1948 पर्यंत झाली. हवाई दलाने तळ नागरी विमान खात्याच्या हवाली केला. इमारत म्हणावी असे तिथे उतारूंसाठी काही नव्हते. होती ती हवाई दलाने मागे टाकलेली दोन हँगरे. मग त्यांचेच विमानतळ झाले. एक हँगर देशातल्या प्रवासाला, दुसरे परदेशच्या. दोन बाजूंना जकातीची आणि पारपत्र तपासणीची टेबले, मध्यभागी बसायची जागा. एअर इंडियाने आपल्या उतारूंसाठी शेजारीच स्वतंत्र सोय केली. पहिल्या वर्षी दिवसाला सहा विमानसेवा. फाळणीने कराची पलीकडे गेली, तिकडची वाहतूक मुंबईकडे वळली, आणि 1949 मध्ये हा आकडा 40 वर गेला. याच तळावरून 8 जून 1948 रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, एअर इंडियाची पहिली परदेशवारी. नव्या इमारतीचे काम 1950 मध्ये सुरू झाले आणि ती 1958 मध्ये वापरात आली. मधला जो दशकभराचा काळ, तो या छपरांचा.

त्या दहा वर्षांत या तळाने काय काय पाहिले! 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर गेले. त्यांचे पार्थिव विमानाने मुंबईला आणले, ते इथेच, मध्यरात्र उलटून गेल्यावर. ज्यांनी जन्मात विमानाचे तिकीट पाहिले नव्हते अशी माणसे त्या थंडीत तिष्ठत उभी होती. विमानतळ हा फक्त उडणाऱ्यांचा नसतो. पोचवायला येणाऱ्यांचा आणि न्यायला येणाऱ्यांचा तो अधिक असतो. ही गोष्ट आजच्या विमानतळांनी काचेच्या दाराबाहेर ठेवली आहे.

आमच्या घरातही त्या हँगराची एक आठवण आहे. आमचे एक मामा 1952 साली पूर्व आफ्रिकेला नोकरीवर निघाले. त्यांना पोचवायला कोल्हापुराहून नऊ माणसे गेली होती, मिरजेला गाडी बदलून, दशम्या बांधून. मामी पुढे ही हकीकत सांगायच्या तेव्हा विमानाबद्दल एक शब्द बोलत नसत. त्यांना आठवायचे ते एवढेच, की उभ्या जागेवरून सगळे दिसत होते. ट्रंक तोलली ते दिसले. जकातीवाल्याने लोणच्याची बरणी उघडून नाक आत घातले आणि ठसका लागून मान वळवली, तेही दिसले. यजमान पलीकडच्या दारातून बाहेर पडेपर्यंत त्यांच्या टोपीवरची नजर एकदाही सुटली नाही. "मधे काय खांबबिंब नव्हताच हो," असे त्या म्हणायच्या. मामींनी नकळत केलेले हे वास्तुसमीक्षण मी आजवर कुठे छापलेले पाहिले नाही. म्हणून इथे छापतो.

आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ. हे छप्पर सुंदर म्हणायचे का?

या प्रश्नाचे दोन्ही वकील आमच्याच गावात राहत होते. ना. सी. फडके राजाराम कॉलेजात शिकवीत, वि. स. खांडेकर 1938 पासून कोल्हापूरकर झाले. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा वाद महाराष्ट्रात एवढा गाजला, की रंकाळ्यावर भेळ खाणारेही त्यात बाजू घेत असत असे वडीलधारे सांगायचे. हँगर त्या दोघांपुढे ठेवले असते तर मोठी पंचाईत झाली असती. फडक्यांच्या पक्षाने ते नाकारले असते, कारण त्यात कलेचा हेतूच नाही. खांडेकरांच्या पक्षाला ते स्वीकारता आले नसते, कारण ज्या जीवनासाठी ते बांधले ते जीवन नव्हतेच. ते मरण होते. बाँब टाकायला जाणाऱ्या विमानांची ती पागा. उपयुक्तता हाच सौंदर्याचा निकष मानला तर हँगराचा मूळ उपयोग आपल्याला मान्य करावा लागेल, आणि तो मला मान्य नाही.

मर्ढेकरांकडे गेलो तर काही हाती लागते. 'सौंदर्य आणि साहित्य' हे त्यांचे पुस्तक 1955 चे, म्हणजे हँगरांच्याच दशकातले. संवेदनांची रचना संवाद, विरोध आणि समतोल या लयींनी होते, असा त्यांचा सिद्धान्त. ही फूटपट्टी युद्धकालीन हँगराला लावून पाहिली तर पहिल्या दोन परीक्षा ते पास होते. एकामागून एक येणाऱ्या, तंतोतंत सारख्या कैच्या. डोळा पहिलीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर आपोआप सरकतो. हा संवाद. आतला गार, करडा अंधार आणि त्या अंधाराच्या टोकाला, दाराएवढ्या चौकटीत पेटलेले ऊन. हा विरोध, आणि तो इतका जबरदस्त असतो की भल्याभल्या देवळांच्या गाभाऱ्याबाहेरच तो सापडावा. पण तिसऱ्या परीक्षेत हँगर साफ नापास. समतोल नाही. सगळे छप्पर माणसाच्या डोक्यावरून कुठेतरी दूर निघून गेलेले आहे; माणसाच्या उंचीला उत्तर देणारे त्यात काही नाही. त्याचे मोजमाप विमानाच्या शेपटीवरून घेतलेले. बाकावर बसलेला उतारू त्या पोकळीत पाकिटाच्या तळाशी राहिलेल्या एखाद्या नाण्यासारखा दिसत असणार.

आणि पावसाळा! पन्हळी पत्र्याखाली ज्याने जुलै काढला आहे त्याला वेगळे सांगायला नको. पाऊस कोसळू लागला की शेजारच्याच्या कानात ओरडावे लागते. उन्हाळ्यात तोच पत्रा तव्यासारखा तापतो. युद्धात सैनिकाने सोसावे अशी अपेक्षा असते. प्रवाशाने मात्र तिकिटाचे पैसे मोजलेले असतात. तेव्हा 1958 ची नवी इमारत व्हायलाच हवी होती. जुने ते सोने म्हणणाऱ्यांतला मी नाही. जुना पत्रा हा जुना पत्राच.

मग हँगराची थोरवी कशात? माझ्या मते ती त्याच्या रिकामेपणात आहे. बहुतेक इमारती आपल्या पहिल्या मालकाचे म्हणणे सोडत नाहीत. तुरुंगाचे वसतिगृह केले तरी खोल्या कोठड्याच राहतात. राजवाड्यात कचेरी थाटली तरी कारकून दरबारी होतो. हँगराला असे म्हणणेच नव्हते. त्याने लष्कराचा हेतू आपल्या अंगाला लावून घेतलेला नव्हता. मध्ये भिंत नाही, खांब नाही, कुणाचे आसन ठरलेले नाही. बाँबफेकी विमान बाहेर काढले, टेबले मांडली, आणि दुसऱ्या दिवशी तिथे एका नव्या राष्ट्राचा उंबरठा तयार झाला. साम्राज्याच्या कितीतरी इमारती आपण वारशाने घेतल्या, पण त्यांचा रुबाब पुसायला आपल्याला पिढ्या लागल्या, काहींचा तर अजून पुसला नाही. हँगराचा एका रात्रीत पुसला गेला, कारण त्याला रुबाबच नव्हता.

कोल्हापूरकराला हे पटवून देण्यासाठी मुंबईला जाण्याचीही गरज नाही. पंचगंगेच्या अंगाला वळिवडे आहे. 1943 मध्ये तिथे पोलंडच्या निर्वासितांसाठी बराकींची एक वसाहत उभी राहिली. सुमारे 5000 माणसे, त्यांत बायका आणि मुलेच अधिक, सैबेरियाच्या हालांतून इराणमार्गे इथवर आलेली. 1948 पर्यंत ती इथे राहिली. शाळा, प्रार्थना, नाटके, सगळे त्या बराकींतच चालले. ती गेली, आणि फाळणीने उठवलेल्या सिंधी कुटुंबांनी त्याच बराकींत चुली मांडल्या. आजचे गांधीनगर, जिथे आपण दिवाळीचे कापड घ्यायला जातो, ते असे जन्माला आले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीचे उल्हासनगर झाले तेही असेच. मुंबईच्या हँगरांचे आणि वळिवड्याच्या बराकींचे गोत्र एक. दोन्ही युद्धासाठी आखलेली, घाईत उठवलेली, थोड्या दिवसांच्या करारावर उभी. आणि दोघांनाही 1948 च्या सुमारास दुसरा जन्म मिळाला, ज्याची आखणाऱ्याने कल्पनाही केली नव्हती.

एक गोष्ट मात्र हँगराने अंगभूत दोषासारखी मागे ठेवली, ती म्हणजे जागेची निवड. मोठे छप्पर आणि लांब धावपट्टी यांना सपाट जमीन लागते, आणि नदीकाठची सपाट जमीन ही नदीनेच पसरलेली असते. तिच्यावर नदीचा हक्क राहतो. मिठी विहार आणि पवईच्या तलावांकडून निघून माहीमच्या खाडीला मिळते. लांबी सुमारे 18 किलोमीटर. विमानतळ वाढत गेला तशी ती आवळली गेली. काटकोनात वळली, धावपट्टीच्या खालून गेली. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला तेव्हा नदीने आपली जागा परत मागितली, आणि विमानतळ एक दिवसाहून अधिक काळ बंद पडला. युद्धकाळातल्या अभियंत्याला पाच-सहा वर्षांपुरता विचार करण्याची मुभा होती. पुढच्यांना ती नव्हती. तरी त्यांनी ती घेतली. या बाबतीत आमचे छत्रपती राजाराम महाराज अधिक दूरदृष्टीचे ठरले. त्यांनी कोल्हापूरचा विमानतळ केला तो पंचगंगेपासून दूर, उजळाईवाडीच्या माळावर. 1939 च्या जानेवारीत तिथून मुंबईची विमाने सुरू झाली. पुढे 2019 आणि 2021 मध्ये नदीने निम्मे गाव कवेत घेतले, पण माळ आपल्या जागी कोरडा होता.

आता अलीकडच्या इमारतींबद्दल थोडे बोलावे लागेल, कारण टीकाकाराने फक्त मेलेल्यांबद्दल लिहावे हे बरे नव्हे. मुंबईची 2014 मधली नवी इमारत मोराच्या पिसाऱ्याची आठवण देते, आणि तिचे कौतुक पिसाऱ्यासाठीच अधिक होते. पण तिथे उभे राहून वर पाहिले म्हणजे माझे मन भरते ते दुसऱ्याच गोष्टीने. एवढे अफाट छत अवघ्या 30 खांबांनी, छत्रीसारखे वर उमलत जाऊन तोलले आहे. म्हणजे खरी कर्तबगारी पुन्हा खणाचीच. पिसारा वरून आला आहे. कोल्हापूरच्या नव्या इमारतीचे उद्घाटन मार्च 2024 मध्ये झाले. तिच्या दर्शनी भागाला दगडी कमानींचा, जुन्या वाड्यांची आठवण देणारा साज आहे. पाहुण्यांना तो आवडतो. मलाही पहिल्या भेटीत आवडला. दुसऱ्या भेटीत मनात आले, की ज्या कमानीवर काहीच भार नाही ती कमान कशाची? वाड्याच्या कमानीने वरचा मजला पेललेला असतो. तिचा बाक त्या ओझ्याने ठरलेला असतो. इथली कमान फेटा बांधून फोटोला उभी आहे. शाहू महाराजांनी 1912 मध्ये खासबागेचे मैदान केले तेव्हा त्याला कुठले कोल्हापुरी लेणे चढवले नाही. बशीसारखा उतार दिला, मध्ये हौदा ठेवला, आणि कुठेही बसा, कुस्ती दिसेल अशी सोय केली. मामींच्या कसोटीला ते मैदान उतरते. कोल्हापूरपण शोधायचे तर मी तिथे शोधीन.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले तेव्हा सारे गाव रस्त्यावर आले होते. मोठमोठी माणसे रडली. ते होते तसेच पुन्हा उभे राहिले पाहिजे, ही मागणी राख थंड होण्याच्या आत झाली, आणि ती योग्यच होती. त्या रात्री मीही तिथे उभा होतो. पण घरी परतताना विचार आला, की वळिवड्याच्या बराकींपैकी शेवटची बराक कोणी पाडली, तर कोणाच्या डोळ्याला पाणी येईल? सांताक्रूझच्या हँगरांसाठी कोणी एक ओळ लिहिली? आमच्या प्रवासवर्णनांतून विमानतळावर हार पडतात, डोळे ओले होतात, आणि पुढच्याच परिच्छेदात लेखक जिनिव्हाच्या सरोवरावर असतो. ज्या छपराखाली ते हार पडले त्याचे वर्णन माझ्या वाचनात तरी आलेले नाही. नाट्यगृहाला नाव होते, संगीत होते, केशवरावांचा स्वर त्याच्या भिंतींत होता. छपराला यांतले काही नसते. म्हणून त्याची नोंद कोणी केली नाही तर ते होते की नव्हते हेही पुढे कळत नाही.

गावात वास्तुशास्त्र शिकणारी मुले आहेत. दर वर्षी ती पन्हाळ्याची, अंबाबाईच्या देवळाची मापे घेतात, सुबक नकाशे काढतात. यंदा त्यांच्यापैकी चार जणांनी फीत आणि वही घेऊन गांधीनगरात एक फेरी मारावी. जुन्या बराकीचा एखादा गाळा अजून कुठे दुकानाच्या मागे सापडतो का पाहावे. कैचीचा कोन किती, दोन खांबांत अंतर किती, कौल कुठले, पोलिश बाईने ठोकलेला खिळा आणि सिंधी बाईने बांधलेला कोनाडा यांत किती बोटांचे अंतर आहे, एवढे लिहून आणावे. दोन रविवारांचे काम आहे. चहा माझ्याकडे.

अंगणातला किल्ला अजून उभा आहे. बसलेला बुरूज थोरल्याने शेणमातीने लिंपून घेतला. विमान वाळत घातले आहे. डबा मात्र आजीने परत मागितला आहे. तिचे म्हणणे, तो विमानांसाठी आणलेला नव्हता, चिरोट्यांसाठी आणला होता. धाकटा अजून वाटाघाटी करतो आहे.